आजोबांचा गंजलेला पिकअप उभा करायचाय, सुरुवात कुठून करू?

रविवारचा_मिस्त्री

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

आजोबांच्या रोपवाटिकेचा जुना शेवरले पिकअप माझ्याकडे आलाय. मामा म्हणाला, भंगारात घालण्यापेक्षा तूच ने. अठ्ठावीस वर्षं तो एकाच शेडमध्ये उभा होता. शेडचं छप्पर मागच्या बाजूला गळायचं, त्यामुळे पुढचं तोंड बरं आहे आणि मागचा भाग गेलाय. केबिनचे मागचे दोन्ही खालचे कोपरे बोटानं दाबले की चुरा होतो. चालकाच्या पायाखालच्या पत्र्याला हात जाईल एवढं भोक आहे. हौद्यातल्या लाकडी फळ्या कुजून गेल्यात. इंजिन सहा सिलिंडरचं आहे, फिरत नाही. ब्रेकचं पेडल दाबलं की तिथेच खाली राहतं. गाडी कोणत्या सालची हे घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही.

माझा बेत असा: आधी सगळा रंग आणि गंज खरवडून पत्रा उघडा करायचा आणि प्रायमर मारून टाकायचा, म्हणजे गंज जिथल्या तिथे थांबेल. मग निवांतपणे इंजिन आणि बाकीचं. हा क्रम बरोबर आहे का?

दुसरा प्रश्न माझ्यासाठी जास्त अवघड आहे. डाव्या दारावर रोपवाटिकेचं नाव हातानं रंगवलेलं आहे. पुसट झालंय, पण वाचता येतं. पूर्ण रंगकाम केलं तर ते जाणार. आई म्हणते ते राहू दे. मामा म्हणतो गाडी नव्यासारखी कर. तुम्ही काय केलं असतं?

फोटो खाली जोडलेत.

खडखडाट

आधी अभिनंदन! पुढची पाच वर्षं तुमचे सगळे रविवार ठरलेले आहेत. :)

मोजपट्टी

सालाचं मी सांगतो. जाळीत पाच आडव्या पट्ट्या आणि पुढची काच मधोमध दुभागलेली, म्हणजे १९४७ ते १९५३ मधली गाडी. १९५४ मध्ये जाळी बदलली आणि काच एकसंध, वळणदार झाली. तुमच्या दाराला पुढे छोटी तिकोनी काच दिसते आहे, ती १९५१ पासून आली. दाराची मूठ मात्र फिरवायची आहे, बटण दाबायची नाही. बटणाची १९५२ मध्ये आली. त्यामुळे कुणी दारं बदलली नसतील तर ही १९५१ ची, ३१०० मॉडेलची गाडी आहे. दाराच्या खांबावर क्रमांकाची पट्टी असेल, तिच्याशी ताडून बघा. ती पट्टी काढू नका आणि तिच्यावर रंगही मारू नका.

सहासिलिंडर

मोजपट्टी यांच्याशी सहमत. १९५१ म्हणजे आत २१६ घन इंचांचं इंजिन, साडेतीन लिटरच्या आसपासचं. फार प्रामाणिक इंजिन आहे. त्याच्याबद्दल सवडीनं लिहितो.

तोपर्यंत एकच विनंती: बॅटरी जोडून सेल्फ मारून बघू नका. ओढून, गिअरमध्ये टाकून सुरू करायचा प्रयत्न तर मुळीच नको. जाम झालेल्या इंजिनावर जोर लावला की एखादी चिकटलेली वॉल्व तशीच राहते, पुश-रॉड वाकतो, कधी पिस्टनची रिंग तुटते.

जुना_चालक

रविवारचे मिस्त्री, तुमचा क्रम उलटा आहे. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

मी हीच चूक केली होती. माझा पिकअप दुसऱ्या कंपनीचा, १९५६ चा. पहिल्या महिन्यात उत्साहाच्या भरात सगळा रंग काढला, साधा प्रायमर मारला आणि चेसिसकडे, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याकडे, वळलो. चेसिसला आठ महिने लागले. तेवढ्यात प्रायमरखालून बारीक बारीक नारिंगी ठिपके वर आले आणि सगळं पुन्हा घासावं लागलं. साधा प्रायमर पाणी अडवत नाही, शोषतो. उघडा पत्रा करायचा तर जेवढा भाग त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली झाकता येईल तेवढाच करायचा.

आणि चेसिस बघितल्याशिवाय पत्र्याला हात लावायचाच नाही. छोटी हातोडी घेऊन गाडीखाली झोपा आणि पुढून मागपर्यंत टोकत जा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द. जिथे बद्द वाजेल तिथे जुना पेचकस जोर लावून टोचा. दोन पट्ट्या रिव्हेटनं एकमेकींवर बसवलेल्या जागा जास्त बारकाईनं बघा. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, म्हणून दोन पट्ट्यांच्या मध्ये तो साचला की पट्ट्या फुगून वेगळ्या होतात. वरून रंग शाबूत आणि आत पापुद्रे, असं मी पाहिलंय. स्प्रिंगच्या पाट्यांच्या कड्या जिथे चेसिसला धरतात त्या जागा, स्टिअरिंगची पेटी जिथे बसते ती जागा आणि केबिन चेसिसवर जिथे बसते ते टेके, एवढं तरी आजच बघा.

चेसिस शाबूत असेल तर गाडी होते. मग ब्रेक, मग इंजिन, मग पत्रा, शेवटी रंग.

निळी_गाडी

जुना_चालक +१. आधी थांबता आलं पाहिजे, मग चालता.

ठिणगी

फोटो मोठे करून बघितले आणि जेवण अर्धं टाकून लिहायला बसले. मी पत्राकाम करते, वीस वर्षं वेल्डिंग हेच काम.

मोजपट्टींनी १९५१ साल सांगितलं. या गाड्यांची पेट्रोलची टाकी १९४९ पासून केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे उभी बसवलेली असते. तुमच्या फोटोत दाराच्या मागे भरायचं तोंडही दिसतंय. तुमचे जे सडलेले कोपरे आहेत ते त्या टाकीपासून वीतभर अंतरावर आहेत. म्हणजे ग्राइंडरची पहिली ठिणगी उडेल ती टाकीच्या दिशेनं.

'अठ्ठावीस वर्षं झाली, आता टाकीत काय असणार' असं मनात आणू नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की पेट घेते. भरलेल्या टाकीत वाफेला हवा पुरत नाही, रिकाम्या टाकीत नेमकं हेच प्रमाण जमून येतं. तळाशी जो चिकट डिंकासारखा थर बसतो तोही वाफ सोडत राहतो. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठिणगी पडली तरी पोचते.

म्हणून सगळ्यात पहिलं काम: बॅटरी असेल तर काढा, मग टाकी काढा, उघड्या हवेत न्या, तोंड आणि नळीची भोकं बंद करा आणि काम चालतं त्या इमारतीत ती परत आणू नका. इंधनाची जुनी नळीही काढा, तिच्यातही असतं. टाकीला भोक असेल तर स्वतः झाळायला जाऊ नका. टाक्यांचंच काम करणाऱ्याकडे द्या किंवा नवी घ्या.

हे झाल्यावर कोपऱ्यांबद्दल बोलू.

रविवारचा_मिस्त्री

ठिणगीताई, मी पुढच्या रविवारी ग्राइंडर लावणार होतो. त्याच कोपऱ्यांना. यापुढे काय लिहू कळत नाही. मनापासून आभार.

टाकी उद्याच काढतो.

खडखडाट

या प्रतिसादासाठी हा धागा वर चिकटवून ठेवायला हवा. संपादकांनी बघावं.

प्रयोगवही

गंज काढायच्या पद्धतींबद्दल थोडं. मी रसायनशास्त्र शिकवते, जुनी हत्यारं साफ करणं हा माझा छंद.

कंस, बिजागऱ्या, पेडल, ब्रेकच्या पाठीमागच्या पाट्या अशा छोट्या भागांसाठी विद्युत-विघटन उत्तम. प्लास्टिकचं पिंप, पाणी, दर ४ लिटरला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, आणि बॅटरी चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला जोडायचा, धन टोकाला साध्या लोखंडाचा टाकाऊ तुकडा. हा तुकडा झिजत जातो, तो झिजण्यासाठीच असतो. टोकं उलटी जोडली तर तुमचा भाग झिजेल, म्हणून दोनदा बघून घ्या.

स्टेनलेस स्टीलचा तुकडा वापरू नका. बरेच जण तो झिजत नाही म्हणून सुचवतात, पण त्यातून षट्संयुजी क्रोमियम पाण्यात उतरतं. ते विषारी आहे आणि कर्करोग घडवतं. दुसरं, या क्रियेत हायड्रोजन निघतो. पिंप उघड्यावर ठेवा आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करा, ठिणगी नको. आणि पाटे, स्प्रिंगा, कडक केलेले बोल्ट यात बुडवू नका. हायड्रोजन पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो.

बाहेर काढल्यावर भाग काळपट दिसेल. धुवा, घासा, लगेच कोरडा करा. तासाभरात पुन्हा लाली चढायला लागते.

शांतपणे_बघा

चार्जर वगैरे नको असेल तर साखर कारखान्यात निघणारी मळी (मोलॅसिस). एक भाग मळी, नऊ भाग पाणी. दोन-तीन आठवडे बुडवून ठेवायचं. चांगल्या लोखंडाला फारसं लागत नाही, गंज तेवढा सुटतो. ॲल्युमिनियम आणि जस्ताचे भाग मात्र त्यात टाकू नका, खाल्ले जातात. वास भयंकर. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

दुरुस्तीवेडी

आणि रस्ट कन्व्हर्टर? मी सगळीकडे तेच मारते, काळं होतं आणि काम संपतं.

प्रयोगवही

दुरुस्तीवेडी, त्याची जागा ठरलेली आहे. त्यात बहुधा टॅनिक आम्ल किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं. टॅनिक आम्ल गंजाशी संयोग पावून काळं-निळं लोह टॅनेट बनवतं, फॉस्फोरिक आम्ल लोह फॉस्फेट बनवतं. दोन्ही स्थिर असतात. पण क्रिया पोचते तेवढ्याच जाडीला होते. वर पापुद्रे सुटलेले असतील तर पापुद्र्याचा वरचा थर काळा होतो आणि खाली गंज चालूच राहतो. आधी वायर ब्रशनं सुटं सगळं काढायचं, घट्ट चिकटलेला पातळ गंज उरला की मगच हे लावायचं. चकचकीत स्वच्छ पत्र्यावर लावून उपयोग नाही, तिथे त्याला संयोग पावायला काही नसतंच.

लांबी_नको

हे सगळं करत बसण्यापेक्षा अख्खी केबिन रेतीचा फवारा मारून (ब्लास्टिंग करून) आणली तर दोन दिवसांत मोकळं. उगाच पिंपं भरायची.

ठिणगी

नको! चेसिसला मारा, चाकांना मारा, जाड कंसांना मारा. बोनेट, दाराचा पत्रा, छप्पर या मोठ्या सपाट भागांना जोरात ब्लास्टिंग केलं की पत्रा ताणला जातो आणि लाटा उठतात. त्या परत बसवताना डोळ्यांत पाणी येतं. करायचंच असेल तर ज्याला पत्रा कळतो अशा माणसाकडून, कमी दाबानं, तिरका फवारा धरून. आणि खरी वाळू कधीच नाही. तिच्या धुळीनं सिलिकोसिस होतो, फुप्फुसाचा तो आजार बरा होत नाही. गार्नेट किंवा तत्सम मिळतं ते वापरतात.

रंग खरवडतानाही हीच काळजी. सत्तर वर्षांपूर्वीच्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. कोरडं घासून धूळ उडवू नका, ओलं घासा, बारीक धुळीसाठीचा चांगला मास्क लावा. आणि ते कपडे घरातल्या मुलांच्या कपड्यांबरोबर धुवू नका.

जुना_चालक

ब्रेकच्या ड्रममधल्या धुळीचंही तेच. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. हवेच्या नळीनं फुंकून साफ करायची सवय असते आपल्याला, ती इथे सोडायची. ओलं करून पुसायचं आणि फडकी पिशवीत बांधून टाकायची.

सहासिलिंडर

आता इंजिनाबद्दल.

सगळे स्पार्क प्लग काढा. प्रत्येक भोकातून भेदक तेल सोडा. बरेच लोक ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं करून घालतात, मीही तेच वापरतो. ॲसिटोन पेट घेतं, तेव्हा जवळपास ज्योत नको. मग वाट बघा. एक दिवस नाही, आठवडा. रोज थोडं घाला. वरचं झाकण काढून रॉकर आणि वॉल्वच्या दांड्यांनाही तेल द्या.

आठवड्यानं क्रँकच्या टोकाला लांब पाना लावून हलकं पुढे, हलकं मागे. जोर करायचा नाही. केसभर हललं तरी जिंकलात. पुन्हा तेल, पुन्हा पुढे-मागे. फिरताना वॉल्व वर-खाली होतात का ते डोळ्यांनी बघा. एखादी खाली गेली आणि वर आली नाही तर तिथेच थांबा.

या इंजिनाचं वंगण कसं चालतं ते समजून घ्या. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला यात आजच्यासारखं दाबाखाली तेल मिळत नाही. रॉडच्या टोकाला पळीसारखा पत्रा असतो, तो खालच्या पन्हाळीतल्या तेलात बुडून तेल उचलतो. बेअरिंगचा मऊ बॅबिट धातू थेट रॉडमध्ये ओतलेला असतो. म्हणून तळाचं तवं (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) काढल्याशिवाय हे इंजिन सुरू करू नये. अठ्ठावीस वर्षांचा गाळ त्या पन्हाळीत बसलेला असतो आणि पळी तेलाऐवजी गाळ उचलते.

लांबी_नको

एवढं करून शेवटी ताशी सत्तर किलोमीटर. त्यापेक्षा १९५४ चं २३५ घन इंचांचं इंजिन टाका. त्यात दाबाखाली तेल, बदलता येणारी बेअरिंगं. किंवा सरळ आधुनिक इंजिन. गाडी वापरायची असते, पुजायची नसते.

सहासिलिंडर

२३५ चांगलं आहे, नाकारत नाही. पण या गाडीच्या मागच्या धुऱ्याचं प्रमाण ४.११ आहे, म्हणजे शाफ्टचे ४.११ फेरे तेव्हा चाकाचा एक. ती सावकाश ओझं ओढायला बांधलेली आहे. इंजिन बदललंत की धुरा बदलावासा वाटतो. मागचा शाफ्ट बंद नळीतला आहे, त्यामुळे धुऱ्याबरोबर गिअरबॉक्सही. मग वेग वाढला म्हणून ब्रेक, मग स्टिअरिंग. माझ्या ओळखीतल्या दोन गाड्या याच साखळीत अडकून अर्धवट पडल्या आणि सुट्या भागांत विकल्या गेल्या. आजोबांचं इंजिन फिरत असेल तर तेच ठेवावं असं माझं ठाम मत आहे. सत्तरनं चालवा. रोपं काही घाईत नसतात.

वाचनमात्र

"रोपं काही घाईत नसतात." वहीत लिहून ठेवलं.

लांबी_नको

माझं मत वेगळं आहे आणि वेगळंच राहील, पण शाफ्टचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

मोजपट्टी

विषयांतर होईल, पण सांगतोच. एकही नट सोडवण्याआधी फोटो काढा. मग सोडवताना पुन्हा फोटो. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत आणि पिशवीत चिठ्ठी: कुठला, किती, कुठल्या बाजूचा. नुसतं 'बोल्ट' लिहू नका. दोन वर्षांनी 'बोल्ट' लिहिलेल्या चाळीस पिशव्या समोर असतात.

आणि नट निघत नसेल तर लांब पाना लावून लटकू नका. बोल्ट मोडला की एका मिनिटाचं काम अर्ध्या दिवसाचं होतं. तेल, रात्रभर वाट, मग थोडं घट्ट करून मग सैल. तरी नाही तर उष्णता: नट गरम करायचा, बोल्ट नाही. गरम असतानाच मेणबत्तीचं मेण आट्यांना लावलं की ते आत ओढलं जातं.

निळी_गाडी

'आधी घट्ट करून मग सैल' हे वडिलांनी शिकवलेलं. त्या वेळी मला ते उलटं वाटायचं. गंजाची पकड सुटायला कुठल्याही दिशेची केसभर हालचाल पुरते.

आणखी एक, विजेबद्दल. या गाड्या ६ व्होल्टच्या असतात. तेवढ्याच कामाला १२ व्होल्टच्या दुप्पट विद्युतप्रवाह लागतो. बाजारात सहज मिळणारी बारीक केबल लावली की सेल्फ मरगळल्यासारखा फिरतो आणि माणूस सेल्फला दोष देतो. जाड केबल लावा आणि चेसिसला, इंजिनाला जोडलेली अर्थिंगची टोकं घासून चकाचक करा. माझी गाडी नुसत्या त्या टोकांवर सुधारली. कापडी वेष्टणाच्या जुन्या वायरी मात्र सगळ्या बदला. उंदरांनी कुठे कुरतडल्यात ते बाहेरून कळत नाही.

रविवारचा_मिस्त्री

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळं वाचलंय, बरंचसं केलंयसुद्धा.

टाकी काढली. ठिणगीताई, तळाशी अर्धा इंच काळा डिंक होता आणि झाकण उघडताच वास आला. अठ्ठावीस वर्षांनंतर. टाकी आता आवाराच्या दुसऱ्या टोकाला आहे.

चेसिस टोकून बघितली. डाव्या बाजूला केबिनच्या मागच्या टेक्याजवळ बद्द वाजतं आणि पेचकस आत जातो. बाकी सगळीकडे खणखणीत. मोजपट्टी, दाराच्या खांबावरची पट्टी सापडली, १९५१ च.

इंजिन अजून हललेलं नाही. बारा दिवस झाले.

सहासिलिंडर

बारा दिवस म्हणजे काहीच नाही. घालत राहा.

ठिणगी

शाब्बास. आता कोपरे.

दारं लावलेली असू द्या. केबिन चेसिसवर बोल्टनं पक्की असू द्या. आतून दाराच्या चौकटीला आडवे-तिरके लोखंडी रॉड तात्पुरते टाचून घ्या, मग कापायला सुरुवात. कोपरा आणि फरशी एकदम काढलीत तर केबिन पसरते आणि नंतर दार लागत नाही. एक बाजू पूर्ण करायची, दार उघडून-मिटून बघायचं, मगच दुसरी. पण तुमच्या चेसिसचा तो टेका आधी करा, नाहीतर वाकड्या टेक्यावर सरळ केबिन बांधाल.

सडलेलं कापताना हात आखडू नका. चांगला जाड पत्रा लागेपर्यंत कापा. गंजलेल्या पातळ कडेला वेल्डचा टाका लावला की भोक पडतं, ते भरताना आणखी मोठं होतं. तुकडा त्याच जाडीचा, कडेला कड लागेल असा. एकावर एक चढवू नका, मधल्या फटीत पाणी बसतं आणि दहा वर्षांनी तुमच्यानंतरचा माणूस तेच भोक बुजवत बसतो. मिग वेल्डिंग मशीनला ०.६ मिलिमीटरची तार. एक टाका इथे, पुढचा लांब तिथे. सलग रेघ ओढायची नाही, पत्रा तापून ओढला जातो. हात लावता येईल इतकं निवलं की पुढचा टाका. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग मला माहीत नाही.

केबिनच्या आतलं जुनं गोणपाट, नमदा सगळं काढा. ते आतल्या आत धुमसतं आणि आपण निघून गेल्यावर पेटतं. काम संपल्यावर निदान अर्धा तास तिथेच थांबा. ज्या भागावर ब्रेक क्लीनरचा फवारा मारलाय तो भाग वेल्ड करू नका. क्लोरीन असलेल्या क्लीनरपासून ज्योतीत फॉस्जीन वायू होतो.

सगळं झालं की आतून इपॉक्सी, सांध्यांना सीलर, शेवटी पोकळ भागात मेण. आणि कंपनीनं ठेवलेली पाणी जायची भोकं चुकूनही बुजवू नका. तुमचे कोपरे सडण्यात त्या तुंबलेल्या भोकांचा हात आहे.

दुरुस्तीवेडी

ताई, लांबी (खाचा भरायची पुट्टी) कधी भरायची? काहीजण उघड्या पत्र्यावरच भरतात.

ठिणगी

इपॉक्सीवर. लांबी पाणी शोषते. खाली इपॉक्सी असेल तर ते पाणी पत्र्यापर्यंत पोचत नाही. आणि भोकावर लांबी कधीच नाही.

जुना_चालक

ब्रेकचं राहिलं. मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फरशीच्या खाली आहे. फरशी कापलेली असतानाच ते काम उरका, नंतर हात जात नाही. रबराच्या सगळ्या नळ्या, चाकांचे सिलिंडर, लोखंडी नळ्या, सगळं नवं. 'ही नळी चांगली दिसते' असं म्हणून एकही ठेवू नका. या गाडीचं सर्किट एकच आहे, एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. तांबं-निकेल मिश्रधातूच्या नळ्या गंजत नाहीत आणि वाकवायला सोप्या. शक्य असेल तर दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवा. मूळपणाच्या बाबतीत मी कडवा आहे, पण ब्रेकला तो नियम लावत नाही.

सहासिलिंडर

इथे मीही मूळपण सोडलंय. दुहेरीच बसवा.

वाचनमात्र

दाराचं काय? मूळ प्रश्न तोच होता आणि त्यावर कुणीच बोललेलं नाही.

लांबी_नको

मी बोलतो. पूर्ण रंगवा. अर्धी गंजकी गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे काम अर्धवट सोडणं. नावाचा फोटो काढा, माप घ्या, चांगल्या पेंटरकडून तसंच्या तसं लिहून घ्या. आजोबांनी गाडी नवी घेतली तेव्हा तीही चकचकीतच असणार.

प्रयोगवही

मला नाही पटत. नव्यानं लिहिलेलं अक्षर हे त्या अक्षराचं चित्र असतं. ज्या हातानं ते लिहिलं त्याचा ब्रश कुठे थांबला, कुठे रंग ओघळला, ते परत येत नाही. गाडी पुन्हा केव्हाही रंगवता येईल. हे एकदा घासलं की गेलं.

निळी_गाडी

मी माझ्या गाडीचा जुना रंग ठेवलाय. सौम्य साबणानं धुतली, सुटे पापुद्रे काढले, उघड्या जागी टॅनिक आम्लाचं कन्व्हर्टर, वर मॅट क्लिअर, म्हणजे बिनचमकीचा पारदर्शक थर. काहीजण उकळलेलं जवसाचं तेल लावतात. त्यांना कळकळीनं सांगते: त्या तेलाच्या फडक्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते आणि गोळा आपोआप पेटतो. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मोजपट्टी

लांबी_नको यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण तो उजव्या दाराला लागू होतो. तिथे अक्षरं उरलेलीच नाहीत. डाव्या दाराचा फोटो मोठा करून बघितला: नाव मधोमध आहे, सडलेलं आहे ते फक्त तळाच्या चार इंचांत. दोन्हीत वीतभर चांगला पत्रा आहे. ठिणगी, तळ कापून नवी पट्टी लावली तर उष्णता नावापर्यंत जाईल का?

ठिणगी

एकेक टाका आणि मध्ये ओलं फडकं, तर नाही जाणार. कापायची रेघ दाराच्या खालच्या वळणापाशी ठेवली तर पत्राही ओढला जात नाही, वळणामुळे तिथे ताकद असते. मी करेन, नक्की करेन असं काम.

रविवारचा_मिस्त्री

अडीच महिन्यांनी.

इंजिन एकतिसाव्या दिवशी हललं. लांब पान्यावर आईनं हात ठेवला होता, मी झाकणातून वॉल्व बघत होतो. 'सरकलं का रे' असं तीच म्हणाली. केसभरच, पण सरकलं. आता पूर्ण फिरतं. एक वॉल्व वर अडकत होती, तेल आणि लाकडाच्या ठोकळ्यानं हलकेच ठोकून सुटली. तळाचं तवं काढलं. पन्हाळीत बोटभर जाड चिखल. सहासिलिंडर, तुमच्या सांगण्यावरून हे काढलं नसतं तर पहिल्याच दिवशी बेअरिंग गेलं असतं.

चेसिसचा टेका एका अनुभवी वेल्डरकडून करून घेतला. डावा कोपरा मी स्वतः केला, चौदा दिवस लागले. दार लागतं. ब्रेक दुहेरी सर्किटचे. काल चौघांनी ढकलून गाडी शेडबाहेर काढली आणि उतारावर मी पेडल दाबलं. जागच्या जागी थांबली. मामा पुढे उभा होता, तो काहीच बोलला नाही, नुसता बोनेटवर हात ठेवून उभा राहिला.

दाराचं ठरलं. नाव राहतंय. सौम्य साबणानं धुताना नावाच्या खाली, वरच्या रंगाच्या थराखालून आणखी एक ओळ दिसायला लागली: तीन आकडी फोन क्रमांक. आईला तो पाठ निघाला. मामानंही आता रंगाचा विषय काढायचं सोडलंय. उजवं दार, फरशी आणि कोपरे त्याच हिरव्या रंगात, पण चमक मारून. तो रंग जुळवण्यासाठी हातमोज्यांच्या कप्प्याच्या आतला, ऊन न लागलेला भाग नमुना म्हणून वापरतोय.

मोजपट्टी

कप्प्याच्या आतला रंग, हे फार उत्तम.

ठिणगी

चौदा दिवस म्हणजे नीट केलंत. वेल्डच्या टाक्यांचे फोटो टाका, घासायच्या आधीचे.

रविवारचा_मिस्त्री

टाकतो. उद्या डाव्या दाराची खालची पट्टी कापायला घेतोय. नावाच्या शेवटच्या अक्षरापासून कापायच्या रेघेपर्यंत सव्वीस सेंटिमीटर भरतात. ओलं फडकं तयार आहे. कापायच्या आधी रेघ आखून फोटो इथेच टाकेन, तुम्ही बघून हो म्हणालात की मगच ग्राइंडर लावतो.